पुराच्या दगडापाशी

आमच्या गावात गिरणेच्या पुलाजवळ रस्त्याकडेला कमरेएवढा दगड आहे. फार मागे पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ती रेघ त्यावर कोरलेली आहे. तिथे बसणाऱ्या अक्कांकडूनच मी भरताची वांगी घेतो. कुणी दगडाला शेंदूर फासला, की अक्का पुटपुटत काथ्याने घासून रेघ मोकळी करतात.

"पाप लागेल, अक्का," मी एकदा चिडवलं.

"हाऊ देव नही शे, भाऊ. देव ऱ्हाता, ते पानी आठेलगून येऊ देता का?" रेघेवर बोट ठेवत त्या म्हणाल्या, आणि दगडापुढे फोडलेल्या नारळाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं.

सध्या गिरणा कोरडीठाक आहे. तरी अक्कांचं भाकरीचं गाठोडं रोज दगडाच्या माथ्यावरच असतं, रेघेच्या वर.