कुंपणातलं खिंडार

मामा आधी गुडघे टेकायचे, मग थेट जमिनीला गाल लावायचे. "सशाच्या डोळ्यानं बघावं लागतं," म्हणायचे. सत्तरीतला माणूस असा आडवा पडलेला पाहून एकदा एक पाहुणा पाण्याचा तांब्या घेऊन धावला होता. तुम्हीही धावला असतात.

किनवटजवळच्या आमच्या गावात ते माझे शेजारी. सशासाठी फास लावायची जागा निवडण्यात त्यांची अख्खी सकाळ जायची. लेंड्या बघायच्या, दबलेलं गवत चाचपायचं आणि काट्याखालची नेमकी फट धरून तारेचा फास टांगायचा. आजूबाजूची एक काडी हलवू द्यायचे नाहीत. "रोजची वाट बुजवली की जनावर बावरतं, पोरी. भलतीकडं जातं. मग गावत न्हाई." वनरक्षकाचं भय नाही का, विचारलं की डोळा मिचकवायचे. "त्यो बी रोजच्याच वाटेनं येतो की!"

पुढे मामींना विसर पडू लागला. आधी मीठ, मग लेकाचं नाव, मग स्वतःचं घर. दुपार झाली की त्या मागच्या कुंपणातल्या खिंडारातून निघायच्या आणि बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायच्या. लग्न होऊन आल्यापासून तिथंच फुलं वेचली होती त्यांनी. मामा मागोमाग जायचे. "चल, चहा करून राहिलो," एवढंच म्हणून हात धरून आणायचे.

त्या बांधालगत कुणीतरी विहीर खणायला घेतली. उघडा खड्डा बघून मामा हबकले. बाभळीच्या फांद्या आणून त्यांनी खिंडार गच्च बुजवलं.

त्याच दुपारी मामी पुढच्या दारानं गेल्या. मामा सवयीनं मोहाकडे पळाले. मग डांबरी सडकेवर गाल लावून पडले. तिथं काय दिसणार होतं! मामी सापडल्या त्या रेल्वेच्या रुळांपलीकडं, उन्हानं संपलेल्या.

मामांनी त्या फांद्या उघड्या हातांनी उपसल्या. हात रक्ताळले. मी थांबवायला गेले तर म्हणाले, "सशाची वाट कधी बुजवली न्हाई मी. हिचीच बुजवली."

फास त्यांनी पुन्हा लावला नाही. दुपारभर खिंडारापाशी बसून असायचे.

गेल्या उन्हाळ्यात मामाही गेले. लेकानं नवं कुंपण घातलं, पण तेवढी जागा मोकळी ठेवली. मामांनी तसं बजावलंच होतं. भांडी घासताना माझी नजर तिकडं जाते. खिंडारात गवत गुडघाभर वाढलंय. कुठंही दबलेलं नाही.