माशी बसली आहे

कड्याला आग्या मोहोळ लागलं, की भंडारदऱ्याकडच्या वाड्यांतली माणसं एवढंच म्हणतात, माशी बसली. गेल्या डिसेंबरात आमचा नगरचा चढाईचा गट तिकडच्या एका कड्यावर जाणार होता. पायथ्याच्या वाडीतल्या मामांनी मला फोनवर सांगितलं, "भाऊ, येऊ नका. माशी बसली हाय." मी घाईत गटाच्या व्हॉट्सॲपवर तेच शब्द जसेच्या तसे टाकले.

गटाच्या म्होरक्यानं खाली लिहिलं, "माझ्या स्वयंपाकघरातपण बसली आहे. घर सोडू का?" सगळा गट हसला. ते गेले, मोहोळ कड्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघालं आणि ते मजेत परत आले. त्यानंतर वर्षभर मला कुणी नावानं हाक मारली नाही. माशी आली, माशीला चहा द्या, माशी आज का शिंकली. बायकोसमोरसुद्धा. मी तिथं हसायचो आणि घरी येऊन दातओठ खायचो.

यंदा म्होरक्याची मुलगी पहिल्यांदाच दोरावर चढणार होती. कातळ कोरडा आहे का, जाण्यासारखं आहे का, हे आधी बघून यायचं काम त्यानं मलाच दिलं. वर म्हणाला, "माशा मोजून ये."

मामांनी मला कड्याखाली नेलं. अवकाळी पाऊस झाला नव्हता, दव उन्हात वाळलं होतं, कातळ ठणठणीत कोरडा होता. आणि आमच्या चढाईच्या वाटेवर, बरोबर मध्यावर, सुपाएवढी पाच काळी पोळी लटकत होती. मी मोबाईल काढून लिहिलं, "कातळ कोरडा आहे. बिनधास्त या." खोटं कशाला सांगू, तो तोंड सुजून दोरावर लोंबकळतोय हे मला दिसत होतं, आणि फार बरं वाटत होतं.

"त्यांची पोरगी बी येनार म्हनला हुता ना तुमी?" मामांनी विचारलं.

मी लिहिलेलं पुसलं. पण सोडून देण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही. त्याला फोन केला, "मला ठरवता येत नाही. तुम्हीच येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी तो आला. मामांनी ओठांवर बोट ठेवलं, "आवाज न्हाई करायचा. उठली तर लई वंगाळ." त्यानं वर पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकला.

"रद्द," तो कुजबुजला. "टाक गटावर."

"तुम्ही टाका. मामा म्हणतात त्याच शब्दांत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, मग मान खाली घालून लिहिलं, "माशी बसली आहे. चढाई रद्द."

त्याच्या शेजारी उभं राहूनच मी खाली लिहिलं, "मग घर सोडताय का?" त्याच्या हातातला फोन थरथरला. त्यानं वाचलं. चेहरा लालबुंद झाला, तोंड उघडलं, पण डोक्यावर माशी होती. त्याला ओरडता आलं नाही.