पुतळ्याच्या खांद्यावरचं घोंगडं

विश्रामबागेत नवं उद्यान झालं तेव्हा शहराला अचानक आठवलं, की इथले बरेचसे लोक बाहेरून आलेले आहेत. मग प्रत्येकाला एकेक कोपरा मिळाला. सीमेपलीकडच्या कानडी लोकांना दगडी जातं, मारवाडी कापडवाल्यांना कमान आणि जतकडून दुष्काळात मेंढरं घेऊन आलेल्या आम्हा धनगरांना सिमेंटचा मेंढपाळ. सगळ्यांत मोठा कोपरा उद्घाटकांच्या नावांच्या फरशीला गेला.

मेंढपाळाच्या खांद्यावर खरं घोंगडं हवं म्हणून समितीचे लोक घरी आले. वडिलांकडे एकच होतं. त्याची लोकर आईने कातली होती आणि ती गेल्यापासून ते त्यावरच झोपत. त्यांनी लगेच उठून घडी काढून दिली. आमच्यात कार्याला घोंगडं मागितलं की नाही म्हणत नाहीत. कार्य उरकलं की नेणारा ते झटकून, घडी घालून दारात आणून देतो. आपण मागायचं नसतं. मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

समितीच्या कागदावर ‘कायमस्वरूपी भेट’ असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि वडिलांच्या वतीने सही केली. त्यांना काही सांगितलं नाही. अशा समारंभांची मी जन्मभर टिंगल केली आहे, पण या वेळी पत्रिकेत माझं नाव होतं आणि दोन मिनिटं भाषणही.

उद्घाटनादिवशी वडील सिमेंटच्या गुबगुबीत पांढऱ्या मेंढ्यांकडे बघत राहिले. “ही जतापासनं हितवर चालली असती व्हय?” एवढंच म्हणाले.

आठवडाभर त्यांनी वाट पाहिली. मग रोज दुपारी पुतळ्यासमोरच्या बाकावर जाऊन बसू लागले. पाऊस लागला तेव्हा मला म्हणाले, “वलं झालंय रं. वली घडी घालू नये, कुजतंय.” ते घरी परतल्यावर एकदा मी कठड्यातून हात घालून पाहिलं. घोंगड्याला कसलंसं रसायन फासलं होतं. ऊनपावसाने काही होणार नाही, असं माळी कौतुकाने सांगत होता. हाताला ते पत्र्यासारखं लागलं. हेही मी घरी सांगितलं नाही.

पुढे त्यांना बाकापर्यंत जाववेना. मग अंथरूण धरलं. एका सकाळी मी चहा पाजत होतो तेव्हा त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. विचारलं, “घोंगडं आलं का रं?”

“वाळत घातलंय, दादा.”

“मग ऱ्हाऊ दे. वलं आणू नगं.”

तिसऱ्या दिवशी ते गेले. अंगाखाली दुकानातली चादर होती, फुलाफुलांची.