सबनीस काकांचं सेंट आणि आमची वास समिती

हसणार नसाल तर सांगतो. हसणार असाल तरी सांगतो, कारण आमच्या सोसायटीचं हसून झालंय, आता तुम्हीच राहिलात.

आम्ही राहतो नवीन पनवेलला. वारा तळोज्याकडून आला की कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात. म्हणून आम्ही एक वास समिती काढली. वास आला की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, वाऱ्याची दिशा लिहायची आणि प्रदूषणवाल्यांना फोन लावायचा. समितीचे प्रमुख अस्मादिक. अख्ख्या सोसायटीत माझ्या नाकाला मान होता हो!

मग तिसऱ्या मजल्यावर सबनीस काका राहायला आले. वय सत्तर, पांढरा शर्ट, ताठ पाठ आणि अंगाला जुन्या काळचं एक सेंट. कसं सांगू? मरवा चुरगळावा, त्यात लवंग-मिरी कुटावी आणि खाली कुठेतरी ओलं लाकूड असावं, तसं. हिरवं, तिखट, पण रुबाबदार. काका लिफ्टमधून उतरून गेले तरी तो वास आत रेंगाळायचा.

माझी बायको नीता एकदा त्या लिफ्टमधून वर आली आणि भाजीची पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "पुरुषाने असं असावं."

चोवीस वर्षं संसार केला मी. मला कधी म्हणाली असं? माझ्याबद्दल तिचं एकच मत, मी ओला टॉवेल गादीवर टाकतो. आणि हा माणूस नुसता लिफ्टमधून जातो आणि जिंकतो? जळलो मी. खोटं कशाला बोलू, नखशिखांत जळलो. पुढे पुढे तर ती लिफ्टमध्ये शिरली की दीर्घ श्वास घ्यायला लागली. प्राणायाम कर म्हटलं तर कधी करत नाही!

शेवटी काकांशी गोड बोलून सेंटचं नाव काढून घेतलं. कंपनीने ते केव्हाच बंद केलेलं. पण बाजारात एका अत्तरवाल्या चाचांच्या कपाटात, मागच्या बाजूला, एक सीलबंद बाटली निघाली. चाचा म्हणाले, "साहेब, पुराना माल आहे. एकच थेंब लावा आणि तासभर घरातच बसा. पहिला तास याचा मिजाज फार गरम असतो."

एक थेंब? काका चाळीस वर्षं लावतायत, मला सगळा बॅकलॉग भरून काढायचा होता!

शनिवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. नीता पुढे गेली आणि मी ओंजळभर सेंट घेतलं. गळ्याला, बनियनला, रुमालाला, मिशीलासुद्धा. दोन मिनिटांत माझं नाक बधिर झालं. मला वाटलं, वास उडाला. म्हणून पुन्हा लावलं.

हॉलमध्ये समितीची खुर्ची पंख्याखाली. बसलो ऐटीत. पाच मिनिटांत मागे कुणीतरी खोकलं. कुलकर्णी वहिनींनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "डोळे चुरचुरतायत हो. गॅस सुटलाय का?"

मला कसलाच वास येत नव्हता. पण समितीच्या प्रमुखाने तसं कबूल करायचं? तेही नीता बघत असताना? उठलो आणि सगळ्या खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वास उग्र, हिरवट, रासायनिक.' फोन लावला. खिडक्या लावल्यावर वास दुप्पट झाला म्हणे. मग पाहणीला गच्चीवर गेलो, लोक माझ्या मागे. गच्चीवर वास. खाली गेटवर आलो, गेटवर वास. वारा फिरतोय, असं मी जाहीर करून टाकलं.

आमचे वॉचमन पाटीलमामा इथल्याच ओवे गावचे. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी आले का वास येतो. तुमी गेले का नाय येत."

मी त्यांना सुनावलं, की हे शास्त्राचं काम आहे.

तेवढ्यात प्रदूषणवाल्यांची गाडी आली. अधिकारी माझ्या दिशेने दोन पावलं आले आणि त्यांनी रुमाल काढला. नेमके तेव्हाच सबनीस काका फेरफटका मारून परतले. थबकले, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अरे, हे तर माझंच सेंट," ते म्हणाले. "पण अंघोळ कुणी केली याने?"

नीता पुढे आली. सगळ्यांदेखत माझ्या कॉलरपाशी वाकली. इतक्या जवळ ती कित्येक वर्षांत आली नव्हती. हुंगलं आणि सटासट चार शिंका दिल्या. अधिकाऱ्यांनी माझंच रजिस्टर घेतलं आणि 'उगमस्थान' या रकान्यात माझा फ्लॅट नंबर लिहिला.

दुसऱ्या दिवशी नीताने फर्मान काढलं, ती उरलेली अर्धी बाटली काकांना देऊन या, त्यांनाच शोभते. गेलो मुकाट्याने. काकांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"माझी शेवटची बाटली तळाला आली होती हो," ते म्हणाले. "फार तर पंधरा दिवस पुरली असती. आता दोन-तीन वर्षं चिंता नाही. तुमच्यामुळे."

पंधरा दिवस! फक्त पंधरा दिवस घरात गप्प बसून जळायचं होतं मला. तेवढंही जमलं नाही.