डावा कान घराकडे

एलिसेओने उभा जन्म बारांकिया शहरात बस हाकली. त्या जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याला खेटून दिवसभर धडधडायचं. संध्याकाळी घरी आला की मात्र तो आणि त्याची गाणी. कपाटाएवढा एकच स्पीकर, दारात, रस्त्याकडे तोंड करून. गल्लीत सगळ्यांचे तसेच असतात. गाणं घरात कोंडून एकटाच ऐकणारा माणूस तिथे कंजूष ठरतो.

यंदा तो स्पीकर कायमचा मुका झाला. बोगोताला नोकरी करणाऱ्या लेकीने, यानेरीसने, पगारातून साठवून नवा संच पाठवला. सोबत दोन सडसडीत स्पीकर. फोनवर बजावलंही, "पपा, हे दारात मांडायचे नाहीत हं. भिंतीपासून हातभर पुढे, दोघांत चांगलं अंतर, तोंडं तुमच्या खुर्चीकडे जराशी वळवलेली. मग बघा, गाणारा अगदी समोर येऊन उभा राहील!"

एलिसेओने तसंच केलं आणि डोळे मिटले. गाणारा समोर आला नाही. डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उजवा स्पीकर जणू नव्हताच.

शेजारचा अनिबाल मदतीला धावला. तो यानेरीसचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत.

"कोंपाद्रे, उजवा आत वळव. आता पुढे ओढ. हां, झकास वाजतोय!"

"तुला काय, तुला मिक्सरसुद्धा झकास वाजतो," एलिसेओ खेकसला.

"फरशी झिजेल, पण तुमचं गाणं काही सापडायचं नाही," स्वयंपाकघरातून नुबिया ओरडली. ती एलिसेओची बायको.

तासभर ओढाताण झाली. दमून एलिसेओने खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून मटकन बसला. तेवढ्यात मेलेला उजवा स्पीकर खणखणीत गायला लागला आणि इतका वेळ गाणारा डावा गप्प झाला.

एलिसेओने उजव्या कानावर हात दाबून पाहिला; काही फरक पडला नाही. स्पीकर दोन्ही धडधाकट होते. बिघाड त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूला होता. जुना स्पीकर एकच, त्यामुळे इतकी वर्षं कळलं नव्हतं.

"खोक्यात भर सगळं," तो हळूच म्हणाला. "पोरीला परत पाठवू. अर्ध्या माणसाला कशाला एवढं?"

नुबिया कोरोसो फळाच्या सरबताचे पेले घेऊन आली आणि नवऱ्याच्या डाव्या हाताला स्टूल ओढून बसली.

"तुला ठाऊक होतं?" एलिसेओने विचारलं.

"अरे म्हाताऱ्या, चर्चमध्ये मी तुझ्या कुठल्या बाजूला बसते?"

"डाव्या."

"जेवताना? पलंगावर?"

एलिसेओ आठवत राहिला. सगळीकडे डावीकडेच होती ती.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते की. उजवीकडून!"

अनिबालच्या नाकात सरबत गेलं. एलिसेओही हसला, हसता हसता त्याचे डोळे भरून आले. इंजिनाने एक कान खाल्ला, पण देवाने दुसऱ्या कानाच्या शेजारी केवढं मोलाचं माणूस बसवून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"आता ऊठ," नुबिया म्हणाली, "आणि आपल्या लोकांसारखे दारात मांड."

दोन्ही स्पीकर दारात शेजारी-शेजारी आले, तोंडं रस्त्याकडे. एलिसेओची झुलती खुर्ची ओट्यावर कडेने वळवून ठेवली, डावा कान घराकडे. पवित्र मातेच्या सणाचे दिवस होते, डिसेंबरचा वारा सुटला होता, समोरच्या ओट्यावर बायका मेणबत्त्यांसाठी कागदी कंदील चिकटवत होत्या. कुंबियाची नाचरी चाल सुरू झाली आणि दोन्हीकडचा आवाज एकाच कानात एकत्र आला. तरुणपणापासून ऐकलेलं गाणं, पण ओळ उचलण्याआधी गाणारा श्वास घेतो हे एलिसेओने आज पहिल्यांदा ऐकलं. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. मातेचे आभार मानले, लेकीचेही. समोरच्या बायकांचे पाय ठेका धरू लागले.

नुबियाने आपली खुर्ची आणून नेहमीच्या जागी ठेवली, त्याच्या आणि दाराच्या मधोमध. मग तिच्याच लक्षात आलं. "अगंबाई, मी इथे बसले तर तुझं गाणं अडेल ना रे!"

"अडू दे," एलिसेओ म्हणाला, आणि तिची खुर्ची त्याने आणखी जवळ ओढली.