चिखलदऱ्याच्या कपारीवर मामी

मामी टीव्ही उभ्यानं पाहायची. बैठकीत सोफा होता, दोन आरामखुर्च्या होत्या, पण तिचा तो साहसी स्पर्धेचा शो लागला की ती पदर कमरेला खोचून पडद्यासमोर उभी ठाकायची. स्पर्धक चिखलातून सरपटत असोत की दोरीला लोंबकळत असोत, मामीचे हुकूम सुरूच. "अरे, तो डावा हात टाक ना समोर! काहून थांबून राहिला तिथं?" शेजारच्या घरात आवाज जायचा. जाहिराती लागल्या की ती एकदम शांत व्हायची, पाणी प्यायची आणि परत आपल्या जागेवर.

शेंदूरजनाघाटला तिची संत्र्याची बाग. मामा लवकर गेले. बागेतली फळं विकत घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांशी तीच बोलायची, तेही उभ्यानंच. बसलं की माणूस मऊ पडतो, असं तिचं मत. मी तिची भाची. कॉलेजपासून अमरावतीला राहिले तरी सुट्ट्या तिच्याकडेच जायच्या. तिचा मुलगा विनू माझ्यापेक्षा बराच लहान, पुण्याला नोकरीला, अबोल, पोहण्यात आणि झाडावर चढण्यात तरबेज. त्या शोसाठी त्याची निवड झाली तेव्हा मामीनं गावभर पेढे वाटले. शूटिंगही आपल्याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. विनू महिनाभर जाऊन परत आला. काय झालं ते कोणाला सांगायचं नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, म्हणून मामीनंही विचारलं नाही.

त्याचा भाग दाखवला त्या संध्याकाळी मी तिथंच होते. सारी गल्ली बैठकीत जमली होती. विनू मागे, दाराशी बसला होता. पडद्यावर एका उभ्या कड्याच्या अंगानं गेलेली अरुंद कपार होती. तिच्यावरून चालत जाऊन टोकाचा झेंडा आणायचा. विनू निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्यावर खडकाचं पोट बाहेर आलं होतं, तिथं तो थांबला. मामी पुढे सरकली. "जाय विन्या! जाय!" पडद्यावरचा विनू हळूच वळला आणि परत आला. त्याच्यामागून गेलेल्या मुलीनं झेंडा आणला. विनू स्पर्धेतून बाद झाला.

सगळ्यांनी पडदा सोडून विनूकडे पाहिलं. मामीनं मागे वळून दाराकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भित्रा निघाला माहा पोट्टा."

विनू उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला नोकरीवर परतला. त्यानंतर दिवाळी आली, संत्र्याची तोडणी आली, पण विनू आला नाही. मामीचा फोन तो उचलायचा नाही. माझा उचलायचा, पण मी तिचा विषय काढला की "ठेवतो ताई" म्हणायचा. मामीनं तो शो पाहणं बंद केलं. कोणी विचारलं तर "वेळ कोठी हाये मले?" एवढंच.

मग एका सकाळी ती एसटीनं अमरावतीला माझ्या दारात उभी राहिली. चहा घेईना. म्हणाली, "सीमे, तुही गाडी काढ. मले ते पाहाचं हाये. त्याईनं शूटिंग केलं ते सारं."

परतवाडा मागे पडलं, घाट लागला. वर पोचल्यावर चहाच्या टपरीवाल्यानं खुणा सांगितल्या. शो पाहून येणारे लोक बरेच असतात, म्हणाला. आधी आम्ही तराफ्याची शर्यत झालेला तलाव पाहिला. मामी काठावर उभी राहून म्हणाली, "एवढंसंच? टीवीत तं समुद्र दिसत होता." नंतर चिखलाची उतरंड पाहिली. तिथं आता गवत उगवलं होतं. तेही तिला लहानच वाटलं. तिचा चेहरा आणखी आवळला. मला वाटलं, हिला कपारही एवढीशीच दिसली तर विनूचं घरी येणं कायमचंच संपलं.

कपार नेहमीच्या पॉइंटांपासून लांब, पठाराच्या टोकाला होती. सुट्टीचा वार नसल्यानं तिथं आम्ही दोघीच. वारा इतका की डोळे उघडे ठेवणं कठीण. मी गाडी दगडाआड लावली, काचा वर केल्या आणि वळून पाहिलं तर मामीच्या चपला कड्याशी नीट जोडून ठेवलेल्या. मामी कपारीवर होती.

"मामी!" मी ओरडले. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. उजवीकडे खडकाची भिंत, डावीकडे दरी. टीव्हीत त्या दरीत झाडं दिसली होती. ती झाडं किती खाली आहेत ते टीव्हीत कळलं नव्हतं. मामी अनवाणी, सराईतपणे चालत होती, बागेच्या बांधावरून चालावं तशी. खडकाच्या पोटाशी ती पोचली. थांबली. वळसा घालून एक पाऊल पुढे टाकलं, दुसरं टाकलं, आणि वाऱ्यानं तिचा पदर सुटून दरीवर फडफडू लागला.

तिनं झटकन खडकाला मिठी मारली. शूटिंगच्या वेळी ठोकलेली एक लोखंडी कडी तिथं उरली होती, ती तिच्या हाताला लागली. बराच वेळ ती हललीच नाही.

"मामी, ये ना परत."

"सीमे," तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मले हालता नाई येऊन राहिलं."

मी कपारीवर पाय ठेवला. लगेच मागे घेतला. मी गेले असते तर दोघी अडकलो असतो. टपरीपर्यंत धावत जायचं तर तिला एकटं टाकावं लागणार. मी विनूला फोन लावला. त्यानं कट केला. परत लावला. "ताई, मीटिंगमधी आहे मी, नंतर..."

"विनू, मामी त्या कपारीवर अडकली."

कोणती कपार, हे त्यानं विचारलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला. "दोर हाये?"

"नाही."

"कुठवर गेली?"

"खडकाचं पोट ओलांडून."

"स्पीकरवर टाक. हात लांब कर."

मी एका हातानं दगड धरून दुसरा हात जमेल तितका पुढे केला.

"आई, मी विनू."

मामीचे खांदे हलले.

"कडी धरली का?"

"धरली."

"सोडू नको. आता एकदा खाली पाह्य."

"विनू!" मी दचकून म्हणाले.

"पाहू दे ताई. न पाहता जास्त भेव वाटते. पाह्यलं, आई?"

"पाह्यलं." आणि मग, "लय खोल हाये रे."

"हाये. आता खडकाकडं पाह्य. वळाचं नाई बिलकुल. मी वळलो तवा मले दोर होता. तू तशीच उलटी ये, खडकाले तोंड करून. आधी पदर तोंडात धर. उजवा पाय मागं सरकव, उचलू नको. कमरेजवळ एक खाच हाये, उजव्या अंगाले. सापडली?"

मामीनं चाचपलं. "सापडली."

"त्यात हात घाल, मग कडी सोड."

कडी सोडायला तिला फार वेळ लागला. विनूनं घाई केली नाही. तो म्हणाला, "तो दगड मले पाठ हाये, आई. रोज दिसते." तिनं कडी सोडली. खडकाच्या पोटाला छाती घासत ती इंचाइंचानं मागे येऊ लागली. तिच्या पायाखालून एक खडा निसटला, आणि तो कुठं पडल्याचा आवाजच आला नाही. ती पुन्हा थिजली. पदर तोंडातून सुटला.

"विन्या, मी तुले सगळ्याइसमोर भित्रा म्हनलं."

"आता नाई, आई. आता पाय."

पाय सरकला. परत सरकला. तिचा हात माझ्या आवाक्यात आला तसा मी मनगट धरून तिला ओढली, आणि आम्ही दोघी मातीत बसलो. तिच्या हनुवटीवर, तळव्यांवर खरचटलं होतं. मी फोन तिच्या कानाला लावला. तिनं विचारलं, "जेवला का रे?"

तो रडत होता, ते मला बाजूलाही ऐकू आलं. रडतच म्हणाला, "तू माह्यापेक्षा दोन पावलं पुढं गेली होती, आई."

"जाले काय लागते?" मामी म्हणाली. "येनं कठीन हाये."

तो पुढच्याच रविवारी घरी आला. मामी त्याला माफ कर म्हणाली नाही. ते शब्द तिच्याकडे नव्हतेच. तिनं काय केलं, तर गल्लीतल्या सगळ्यांना चहाला बोलावलं. त्या संध्याकाळी पडदा सोडून ज्यांनी विनूकडे वळून पाहिलं होतं, ते सगळे आले. मामी मधोमध उभी राहिली. हनुवटीवरची खपली दाखवत म्हणाली, "मी तिथं जाऊन आली. मले इतकं भेव वाटलं का पाय हालत नव्हता. यानं फोनवर सांगतलं म्हनून जिती हाओ. आता ज्याले माह्या पोराले काही म्हनाचं असन, त्यानं आधी तिथं जाऊन यावं." विनू मान खाली घालून सगळ्यांना चहाचे कप देत होता.

गेल्या हिवाळ्यात मामीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. अमरावतीच्या दवाखान्यात सगळे नातेवाईक जमले होते आणि जो तो तिला धीर देत होता, काही होत नाही, तू तर वाघीण आहेस म्हणत होता. मामी स्ट्रेचरवर पडून ऐकत होती. मग तिनं सगळ्यांच्या देखत विनूचं बोट धरलं. "भेव वाटून राहिलं रे."

विनूनं तिला घाबरू नको म्हटलं नाही. "वाटू दे," म्हणाला. "मी दारापाशीच हाओ."

ऑपरेशननंतर मामी शुद्धीवर आलीच नाही. आत नेताना दाराशी नर्सनं विनूला थांबवलं, तेव्हा मामीनंच त्याचं बोट सोडलं होतं. ती म्हणाली होती, "बैस आता खुर्चीवर. कवापासून उभा हायेस."