दहाचे नव्वद

भूतखेत, संकेत असलं मी कधी मानलं नाही. मीटरवर दिसतं तेवढं खरं, हा माझा हिशेब... म्हणून जे घडलं ते मोजूनमापूनच लिहितो.

मी मलकपेठेत राहतो. दुकानांचे डिस्प्ले बोर्ड दुरुस्त करता करता मी एक सर्किट तयार केलं – वीज अचानक वाढली की स्क्रीनचा पुरवठा तोडणारं. पेटंट मागितलं. एका कंपनीनं हरकत घेतली आणि पेटंट ऑफिसनं नाकारलं: यात नवं काही नाही, कुणाही जाणकाराला सहज सुचेल. सहा वर्षं, एकशे बारा जळालेली पॅनेलं, आणि म्हणे सहज! मी हायकोर्टात अपील केलं.

माझा धाकटा भाऊ विलास त्याच कंपनीत नोकरीला. घर आणि नोकरी यांची गल्लत नको, म्हणून मी त्याला कधी काही विचारलं नाही. तोच म्हणायचा, कायकू मागे लागता दादा, त्यात आहेच काय.

सुनावणीआधीचा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. टेबलावर चाचणीचं पॅनेल होतं, वायर काढलेली. माझी बायको सुनंदा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. स्क्रीन उजळली होती. तिच्यावर मराठी आकड्यांत १०. त्या चिपमध्ये मराठी आकडे नाहीतच... आणि वळण माझ्या अक्षराचं. मीटर लावला – शून्य व्होल्ट. बघता बघता एकाची शेपटी सरळ झाली आणि तिथं इंग्रजी 90 दिसू लागलं.

"अहो, दहाचे नव्वद झाले," सुनंदा म्हणाली. मग स्क्रीन काळी पडली.

माझ्या सर्किटचा सगळा जीव त्या दहात आहे. दहा मिलिसेकंदांत पुरवठा तुटलाच पाहिजे. अर्जात पाच ते शंभर अशी मोकळी मर्यादा लिहिली होती. नेमका आकडा फक्त माझ्या कपाटातल्या वहीत, मराठीत.

सोमवारी नामपल्लीच्या ऑफिसात माझ्या वकीलबाईंनी कंपनीनं कोर्टात दिलेला नवा कागद पुढे ठेवला. हे सर्किट आमच्याकडे आधीच सुचलं होतं, असा दावा आणि सोबत आकृती. त्यात वेळ: 90.

नव्वदला स्क्रीन जळते. करून बघणारा हे लिहिणारच नाही. वहीतून उतरवणारा लिहील – तोही मराठी एक इंग्रजी नऊ समजणारा. विलास इंग्लिश मीडियमचा. लहानपणी तो माझ्या वहीतल्या एकाला नऊ म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

संध्याकाळी विलासला विचारलं. मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "हौ, मीच दिलं. प्रमोशन अडकलं होतं. तुमचं तर तसंही रिजेक्टच होणार होतं ना, दादा."

वही कोर्टात दिली तर अपील जिंकू, पण तुमच्या भावाची नोकरी जाईल, असं वकीलबाईंनी बजावलं. मी वही दिली. निकाल अजून यायचाय.

त्या पॅनेलचा एकूणएक भाग मी सुटा करून तपासला. काहीही सापडलं नाही. वीज नसताना तो आकडा कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. विलासला वही कशी मिळाली, ते मात्र सांगता येतं... आम्ही तिरुपतीला गेलो तेव्हा कपाटाची चावी मीच त्याच्या हातात दिली होती.